लहान गाडी, मोठी गाडी
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बेळगुंदीचे. चहाच्या वेळी कळलं की इथल्या बऱ्याच घरांची मुळं बेळगाव-निपाणीकडची आहेत, त्यामुळे लाल माती, रताळी आणि राकसकोपचा पाऊस यांची ओळख करून देत बसत नाही. आम्ही म्हणजे तिघे. दोघे सख्खे भाऊ, शेती बघतो. तिसरा आमचा आतेभाऊ, त्याने उद्यमबागेत फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य काढलं. विषय काय, असं तुमच्या चिटणीसांनी फोनवर विचारलं तेव्हा आम्ही ‘ट्रक’ म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता होती.

ट्रक आमच्या वडिलांचा, अप्पांचा. पुढे नाक असलेली जुनी टाटा-मर्सिडीज. टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत चालला. तोवर या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असायचा, पुढे तिथे टाटांचा ‘टी’ आला. आमची गाडी ताऱ्याची. अप्पांनी ती जुनीच घेतली होती. निपाणीच्या तंबाखूचे बोद, चंदगडकडचं बॉक्साइट, आमच्या भागातली रताळी, मिळेल तो माल तिने वाहिला. मूळ इंजिन बसल्यावर अप्पांनी टाटांचं ६९२ घातलं. (हा आकडा काय असतो ते आम्हालाही उशिरा कळलं: सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर.) मग एक दिवस गाडी घरामागच्या फणसाखाली उभी राहिली ती वीस वर्षं तिथेच. भंगारवाला दर पावसाळ्याआधी येऊन किलोचा भाव सांगून जायचा.

ती नीट करायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण केबिनची आली. त्या काळी ट्रक कारखान्यातून यायचा तो चासी, इंजिन आणि बॉनेट एवढाच. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार आणि पत्रेवाले बांधायचे. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा. म्हणजे या केबिनचा नकाशा जर्मनीतही नाही आणि जमशेदपुरातही नाही. तो ज्या मिस्त्रीच्या डोक्यात होता तो मिस्त्री कधीच गेला. आमच्या केबिनचं लाकूड हाताने चुरगळत होतं. दार धरलं की बिजागरी हातात यायची.

खानापूरकडचे एक म्हातारे सुतार मिळाले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काडीने लाकूड टोचून बघितलं आणि म्हणाले, “पहिलं लहान करून दावा की. लाकूड महाग झालंय, मोठ्यावर शिकाय नगो.”

आम्हा शेतकरी भावांना तो पोरखेळ वाटला. आतेभावाला मात्र लगेच पटलं. बेळगावच्या फौंड्रीत कुठलीही वस्तू आधी लाकडाची होते, मग लोखंडाची. तिला पॅटर्न म्हणतात, आणि तो मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण शंभरात एक भाग, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावर इंच जरा लांब आखलेला असतो. असा माणूस घरात असताना आम्ही वीस वर्षं त्याला पंगतीत वाढायलाच बोलवत होतो!

प्रमाण धरलं एकास दहा, हिशेबाला सोपं म्हणून. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडी ४ मीटर २० सेंटिमीटर भरली, लहान गाडी ४२ सेंटिमीटर. ९००-२० चा टायर मीटरभर उंच, तो झाला दहा सेंटिमीटरचा. पत्र्यापाशी अडलो. केबिनचा पत्रा एक मिलिमीटरचा, त्याचा दहावा भाग कुठून आणायचा? शेवटी सापडला तो थंड पेयाच्या डब्यात. त्या डब्याची बाजूची भिंत जवळजवळ तेवढीच पातळ असते. मग काय, गावच्या लग्नांत पंगत उठली की आम्ही डबे गोळा करतोय, आणि बायका मंडळी ओळख दाखवत नाहीत.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं, तुमच्यापैकी काहींनी मुलांना नेलं असेल. तिथली सफाई आमच्या कामात नाही. आमची जात दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोरांची.

चासी, चाकं आणि पाटे बसवून लहान गाडी टेबलावरच्या काचेवर ठेवली तेव्हा एक चाक अधांतरी राहिलं. दोन पोस्टकार्डं सरकतील एवढी फट. चूक आपलीच म्हणून सगळं उसवून पुन्हा जोडलं. पुन्हा तेच चाक, तीच फट. तिसऱ्यांदा आतेभाऊ म्हणाला, “मापं बरोबर आहेत. मोठी गाडीच वाकडी आहे.”

आम्ही दोरी घेऊन फणसाखाली गेलो. चासीचे दोन कर्ण मोजले, ते जुळेनात. पाण्याची नळी लावून चारी कोपऱ्यांची उंची बघितली, डावा पुढचा कोपरा खाली गेलेला. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर पाट्यांत होतं. मोठ्या गाडीचं वजन पाट्यांवर बसतं आणि पाटे तो पीळ पोटात घेतात. लहान गाडीत सगळी मापं एकदशांश झाली की वजन मात्र हजारावा भाग उरतं. पाटे त्या मानाने दहापट ताठ राहतात, ते काही लपवू शकत नाहीत.

संध्याकाळी गाडी काचेसकट अप्पांपुढे नेली. तेव्हा त्यांना फार कमी दिसायचं. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, तारा चाचपला, मग चाकांखाली बोट घातलं. डाव्या पुढच्या चाकापाशी बोट थांबलं. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आंबोली घाटात पावसात भरलेली गाडी उतरताना ब्रेक लागेना, म्हणून त्यांनी ती डाव्या अंगाने कड्याला घासत थांबवली होती. गाडी वाचली. क्लीनरचा पाय गेला, म्हणजे राहिला, पण कायमचा अधू झाला. सोळा-सतरा वर्षांचं पोर. गाडी तिकडेच कुठे तरी सरळ करून घेतली आणि घरी सांगितलं की माल उतरायला चार दिवस लागले. आई गेली तोवर तिलाही ते ठाऊक नव्हतं. दर सुगीला एका घरी भाताचं पोतं जायचं. कशाचं, असं आम्ही कधी विचारलं नव्हतं.

ते घर शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. लहान गाडी बरोबर नेली. त्यांनी ती मांडीवर घेतली, सगळीकडून बघितली, पाय कशाने गेला ते बोललेही नाहीत. म्हणाले, “ठोकळा कुठाय?” घाटात गाडी थांबली की क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला लावायचा लाकडी ठोकळा, साखळीने हौद्याखाली टांगलेला. आमच्या मोठ्या गाडीवरून तो कधीच गळून पडला होता, म्हणून लहानातही नव्हता. त्यांनी माप बोटांनी दाखवलं, मत्तीचं लाकूड सांगितलं. अप्पा कसे आहेत विचारलं. पुढच्या आठवड्यात आम्ही अप्पांना गाडीत घालून त्यांच्याकडे नेलं. दोघे काय बोलले ते आम्हाला माहीत नाही. आम्ही बाहेर थांबलो होतो.

मोठ्या गाडीचं काम त्यानंतर वेगळ्या क्रमाने झालं. आधी पाटे उतरवले, चासीच्या आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट काढले, जॅक आणि साखळ्या लावून रोज थोडा थोडा करत तो पीळ काढला. पाच आठवडे गेले. लहान गाडी सरळ करायची का, यावर आमच्यात वाद झाला. एकाचं म्हणणं, आता मोठी सरळ झाली तर लहानही तशीच हवी. शेवटी तिला हात लावला नाही. ती आजही काचेवर ठेवली की एक चाक उचलते. केबिनच्या कमानी मात्र तिच्यावरूनच दहापट करून कापल्या, आणि म्हाताऱ्या सुतारांनी एकही फळी वाया घालवली नाही.

लोक विचारतात, आता विंटेजचा पास काढणार का? २०२१ च्या नियमात विंटेज गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली लागते. महाराजांच्या मोटारींना हे ठीक आहे. ट्रकचं मूळ रूप कुठलं? केबिन सुताराची, इंजिन दुसरं, हौदा तीनदा बदललेला. जो ट्रक राबला तो मूळ रूपात राहिलेला नाही, आणि जो राहिला तो राबलेला नसणार. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. गाडी घरच्या रानात आणि गावच्या मिरवणुकीपुरती आहे.

अप्पा गेल्या माघात गेले. केबिनला तेव्हा पत्रा लागायचा होता. सांगाड्यात पाट ठेवून त्यांना एकदा स्टिअरिंगसमोर बसवलं होतं, तेवढं झालं.

आता काचा बसल्यात, रंगाचा दुसरा हात राहिलाय, आणि डावं दार अजून उचलून लावावं लागतं. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची आहे. ठोकळा तयार आहे. तो साखळीला अडकवायला कोण येणार ते ठरलं आहे, त्यांना आणायला आम्ही सकाळी आठला निघू. तुमच्यापैकी कुणी त्या सुमारास बेळगावला आलात तर बेळगुंदीपर्यंत या.