दोन फितींचा नायक



मघाशी पडद्यामागे रंगरंगोटी चालली असता, आजच्या नाटकात नायक कोणी व्हावे यावरून झालेला किंचित कलह माझ्या कानी आला, आणि तेव्हाच ठरविले की आपणही आज एका नायकाविषयीच बोलावे. मात्र लष्करात नायक हा मोठा हुद्दा नव्हे. दंडावर दोन फिती आणि हाताखाली आठ-दहा जवान, एवढीच त्याची दौलत.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगावी १९२१ साली जन्मलेले यशवंत घाडगे हे मराठा पलटणीतले असे नायक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जर्मनांच्या एका मोर्चावर चाल करीत असता समोरच्या मशीनगनने अगदी जवळून त्यांची अवघी तुकडी कापून काढली. कोणी ठार झाला, कोणी जायबंदी, उभे राहिले ते एकटे यशवंतराव. मागून येणारे कोणी उरले नाही हे पुरते जाणूनच ते पुढे धावले, हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी केले, आणि आणखी एकास टॉमीगनने टिपले. यापुढचा तपशील ‘व्हिक्टोरिया क्रॉस’च्या सरकारी शिफारसीत कोरड्या दफ्तरी भाषेत नमूद आहे : मॅगझीन बदलण्यास अवसर नव्हता. त्या चार शब्दांपाशी मी दर वेळी अडखळतो. रिकामी बंदूक नळीकडून धरून, तिचा सोटा करून, त्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत नि पाठीत लागून त्याच मोर्चात त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस.

हे युद्ध कोणाचे, असे तुमच्यापैकी एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, आणि त्याने ते विचारावेच. ‘चले जाव’ची घोषणा होऊन दोनच वर्षे लोटली होती, राज्य परक्यांचे आणि भूमीही परकी. परंतु मला वाटते, त्या क्षणी त्यांच्या दृष्टीपुढे साम्राज्य नसावे, पाठीमागे पडलेले आपले सोबती असावेत. आणि या माझ्या तर्काला कागदोपत्री आधार नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

माणगावात त्यांचे स्मारक आहे, हे आपणांस ठाऊकच असेल. इटलीत मोंतोने या गावीही २०२३ साली त्यांच्या नावाने एक स्मारक उभारले गेले, आणि ते तलवारीचे नाही की तोफेचे नाही. ती एक छायाघटिका आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली नांदतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यावर आहे, आणि त्यात सोट्याखाली पडलेले ते दोघेही आले.

असो. पडद्याच्या फटीतून आजचे नायक माझ्याकडे फार वेळ पाहत आहेत, मी बसतो.