पाण्यांतील औषधाचा माग

ताप उतरला आणि आणलेल्या गोळ्या संपल्या, म्हणजे घरांतील मंडळींच्या दृष्टीनें औषधाचा विषय संपतो. औषधाचा प्रवास मात्र तेथें संपत नाहीं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या सुपरिचित प्रतिजैविकाची गोळी पोटांत गेली, तर तींतील सुमारें ४० ते ५० टक्के औषध जसेंच्या तसें मूत्रावाटे बाहेर पडतें. मोरींतून गटारांत आणि गटारांतून नदींत जातें.

तेथें तें उरतें तरी किती? एका लिटरांत १०० नॅनोग्रॅम असें धरल्यास, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ५० लाख लिटर पाण्यांत विरघळविल्यासारखें तें होतें. एवढ्या अल्पांशानें पाणी पिणाऱ्याला काय होणार, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. परंतु येथें प्रश्न पिणाऱ्याचा नसून जंतूंचा आहे. सर्वांना मारण्यास अपुरें असें औषध सतत भोंवतीं राहिलें, म्हणजे तें सोसूं शकणाऱ्या जंतूंचीच प्रजा वाढते, आणि पुढें कधीं तरी एखाद्या रुग्णाच्या उशाशीं तेंच औषध निरुपयोगी ठरतें. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत अपुऱ्या मात्रेविषयीं हाच इशारा दिला होता. त्यांच्या डोळ्यांपुढें रोगी होता, नदी नव्हती, इतकेंच.

नदी डोळ्यांपुढें आली ती हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथें. सुमारें ९० औषध-कारखान्यांचें सांडपाणी ज्या केंद्रांत शुद्ध केलें जात होतें, तेथून बाहेर पडणारें पाणी स्वीडनचे योआकिम लार्सन व त्यांचे सहकारी यांनीं तपासलें. २००७ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन! म्हणजे त्या पाण्याच्या सोळा लिटरांत एक संपूर्ण गोळी. उपचार चालू असलेल्या रोग्याच्या रक्तद्रवांतहि हें औषध इतकें नसतें. आणि हें पाणी शुद्ध केलेलें होतें, हें विसरतां कामा नये.

असा ठळक प्रकार विरळाच. बहुतेक नद्यांतील अंश इतके सूक्ष्म असतात, कीं यंत्रापुढें ठेवण्यापूर्वीं ते एकत्र गोळा करावे लागतात. आणि तेथें सच्छिद्र पदार्थांचें काम पडतें. करवंटीच्या कोळशानें पाण्याची दुर्गंधी जाते, हें घरोघरीं ठाऊक आहे. स्पंज पाणी पितो तसें हें शोषण नव्हे. कोळशाच्या असंख्य छिद्रांच्या भिंतींना रेणू येऊन चिकटतात, आणि योग्य द्राव मिळाला कीं सुटतात. याला अधिशोषण म्हणतात. मौजेची गोष्ट अशी, कीं १९४३ सालीं वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत स्ट्रेप्टोमायसिन हातीं लागलें, तेव्हां जंतूंच्या काढ्यांतून तें कोळशावरच ओढून घेतलें होतें. ज्या युक्तीनें औषध मिळविलें, तिनेंच आतां त्याचा माग काढावयाचा आहे!

प्रयोगशाळेंत आज कोळशाऐवजीं बहुधा कृत्रिम राळेचे बारीक सच्छिद्र कण वापरतात. ते एका लहानशा नळींत भरून तीतून अर्धा लिटर पाणी सावकाश जाऊं देतात. अडकलेलें औषध थोड्याशा मिथेनॉलनें सोडवून घेतात, आणि तें मिथेनॉल उडवून अर्धा मिलिलिटर द्राव ठेवतात. औषध जवळजवळ हजारपट दाट झालें. मग रेणूंचें वजन पारखणारें मास स्पेक्ट्रोमीटर हें यंत्र त्याचें नांव आणि प्रमाण सांगतें. असेच कण दोन पातळ पडद्यांमध्यें ठेवून नदींत कांहीं आठवडे टांगून ठेवण्याचीहि रीत आहे.

हें यंत्र महाग, आणि तें चालविणारा माणूस त्याहून दुर्मिळ. म्हणून अडकविण्याचें व ओळखण्याचें काम एकाच पदार्थाकडून करून घेण्याचे प्रयत्न चालले आहेत. धातूचे अणु आणि कार्बनी दुवे यांच्या ज्या जाळ्या विणतात, त्यांसाठीं कितागावा, रॉबसन व याघी यांना २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा जाळीच्या दोन-तीन ग्रॅममध्यें फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग सांठविलेला असतो. कांहीं जाळ्या अतिनील प्रकाशांत चमकतात, आणि प्रतिजैविकाचा रेणू छिद्रांत शिरतांच त्यांची चमक मंदावते. बीजिंगच्या संशोधकांनीं २०१६ सालीं झिरकोनियमच्या अशा जाळ्यांनीं पाण्यांतील नायट्रोफ्युराझोन ओळखून दाखविलें. झिरकोनियम घेण्याचें कारण साधें आहे: याघी यांची १९९९ सालची प्रसिद्ध जाळी दमट हवेनेंच विस्कटते, मग पाण्यांत ती कशी टिकावी?

तरीहि स्वच्छ पाण्यांतील यश नाल्यांत टिकेलच असें नाहीं. कुजलेल्या पाल्याचें रंगीत द्रव्य तींच छिद्रें अडवितें, प्रकाशहि गिळतें, आणि औषध नसतांना चमक मंदावूं शकते. तूर्त या जाळीनें संशय घ्यावा आणि निकाल मास स्पेक्ट्रोमीटरनें द्यावा, हेंच योग्य.

माप घेतां येऊं लागलें. पण तें कोणत्या मर्यादेशीं ताडून पाहावयाचें? भारत सरकारनें जानेवारी २०२० मध्यें औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यांतील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला. २०२१ सालीं अंतिम नियम आले, तेव्हां त्यांत त्या मर्यादा नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें या सांडपाण्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांचें पालन मात्र ज्या त्या देशाच्या इच्छेवर आहे.