उन्हाळ्यांतील विणकाम

वैशाख लागला कीं आपल्यापैकीं पुष्कळजणी विणकामाच्या सुया कापडांत गुंडाळून कपाटाच्या तळाशीं ठेवून देतात. लोकर बोटांना चिकटते, आणि मांडीवरचें विणकाम म्हणजे जणूं पेटती शेगडीच! ही तक्रार खरी आहे. परंतु विणकाम सोडणें हा तिच्यावरील उपाय नव्हे, हें मला स्वतःच्या फजितीवरून उमगलें.

माझ्या मुलीचें बाळंतपण मार्गशीर्षांत व्हावयाचें होतें. मोठ्या हौसेनें मीं चैत्रांतच बाळासाठीं पांढऱ्या लोकरीचें पांघरूण विणावयास घेतलें. भर दुपारीं घामेजल्या हातांनीं टाके घालीत आणि चुकले कीं उसवीत मी बसत असें. लोकर मळून राठ झाली. मग तें पांघरूण मीं कढत पाण्यांत चोळून धुतलें, तों तें आटून घोंगडीसारखें घट्ट झालें!

असें कां व्हावें? लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब व घर्षण यांनीं ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहींत. शिवाय लोकर दमट हवेंतील बाष्प शोषून घेते आणि शोषतांना किंचित् उष्णताहि बाहेर टाकते. सुताचें तसें नाहीं. त्याला खवले नसतात, आणि ओलें झालें असतां तें दुबळें न होतां उलट अधिक बळकट होतें. इंग्लंडांतील जॉन मर्सर यानें १८५० सालीं सुतावर दाहक सोड्याची प्रक्रिया करण्याचें पेटंट घेतलें. पुढें सुमारें ४० वर्षांनीं होरेस लो यानें तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली व त्याला रेशमासारखी चकाकी आणली. क्रोशाकामाचा आपला तुळतुळीत दोरा तो हाच. गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरच्या परिसरांत उन्हाळा कांहीं सौम्य नसतो. तरी तेथील स्त्रिया एकोणिसाव्या शतकापासून सुती दोऱ्याची क्रोशाची लेस विणीत आल्या आहेत.

म्हणून मीं दिवसाची वांटणी केली. दुपार सुताची, रुमाल, झालर, तोरण यांचें काम हलकें असतें व मांडीवर ओझें होत नाहीं. लोकर हातीं घ्यावयाची ती सकाळच्या गारव्यांत, हात धुऊन कोरडे करून, आणि तीहि वीतभर चौकोनांपुरतीच. एकेक चौकोन पुरा झाला कीं स्वच्छ कापडांत बांधून झांकणाच्या डब्यांत ठेवावा, म्हणजे कसर लागण्याचें भय कमी. घामानें निसटणाऱ्या पोलादी सुयांपेक्षां बांबूच्या सुया हातांत बऱ्या बसतात.

आश्विनांत मीं ते चौकोन जोडले, कडेनें क्रोशाची झालर लावली, आणि नातवाच्या बारशाला पांघरूण वेळेवर पोंचलें. आटलेल्या त्या पहिल्या पांघरुणाचें मीं आसन केलें. अद्यापि त्यावरच बसून विणतें. तेव्हां भगिनींनो, आज दुपारीं जेवणखाण आटोपल्यावर क्रोशाची सुई बाहेर काढा आणि दहा साखळ्या तरी घालून पाहा.