सोसेल तेच धनुष्य
(शिक्रापूर येथे युवकांसमोर केलेले भाषण)



तरुणपणी मी इर्ष्येपायी न पेलणारं बांबूचं कडक धनुष्य उचललं. ओढताना हात थरथरायचा, खांदा कानाला भिडायचा. शेवटी खांदा दुखावला आणि धनुष्य वर्षभर खुंटीला राहिलं. आज आपली पोरं तीच चूक करताना दिसतात, म्हणून दोन शब्द बोलतो.

साध्या बांबूच्या धनुष्याला नेम धरायचं साधन नसतं. आपलं शरीर हेच मोजमाप. पाय खांद्याइतके फाकवा. खांदे खाली सोडा. ओढ नुसत्या दंडाने नव्हे, पाठीने घ्या. दोरीवरचं बोट दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकलं पाहिजे. बोटभर फरक पडला की बाण जागा सोडतो. बाण सुटल्यावर हात लगेच पाडू नका. तीन-चार सेकंद ताण स्थिर धरता येत नसेल, तर हलकं धनुष्य घ्या. त्यात कमीपणा कसला?

फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव हे मजुराचे पुत्र. २०२१ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकला खेळले. तिथे लक्ष्य ७० मीटरवर आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटिमीटरचं! नुसत्या जोरावर ते साधत नाही. तीच कृती हजारदा तशीच करावी लागते.

धम्मपदाच्या चित्तवग्गात चित्त सरळ करण्याला बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. पोरांनो, आधी स्वतःची ढब सरळ करा, मग लक्ष्याकडे बघा.

जयभीम!