शेलारमामांचं आडनाव

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला गेलं की लोक आधी सुभेदार तानाजी मालुसरे यांच्या समाधीकडे नेतात. त्यांच्याबरोबर आणखी एक नाव तिथं आदरानं घेतलं जातं, ते शेलारमामांचं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा किल्ल्यावरच्या लढाईत तानाजी पडले, तेव्हा भाच्यामागं उभा राहिलेला हा म्हातारा मामा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

पण ‘शेलार’ म्हणजे काय? अभ्यासक या आडनावाचा धागा शिलाहार राजघराण्याशी जोडतात. कोकणात आणि कोल्हापुरात आठव्या ते तेराव्या शतकांत राज्य केलेलं हे घराणं. कोरीव लेखांत त्याचं नाव ‘सिलार’ असंही येतं. सिलार आणि शेलार, उच्चार करून पाहा, अंतर किती थोडं आहे!

शिलाहार म्हणजे शिळेवरचा आहार. कथा अशी, की गरुडाचा आहार होणाऱ्या नागाचा जीव वाचावा म्हणून जीमूतवाहन नावाचा राजपुत्र त्याच्या जागी स्वतः गरुडाच्या शिळेवर जाऊन बसला. त्याच जीमूतवाहनाला हे राजे आपला मूळपुरुष मानत. प्रत्येक शेलार घराणं राजवंशातलंच, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. तरी दुसऱ्यासाठी जीव देणाऱ्याची ही कथा शेलारमामांच्या नावामागं असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.