टस्कनींतील द्राक्षमळा आणि मोरचूद



वाइनविषयीं बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. मीं ती कधीं चाखलेली नाहीं, व ह्या वयांत चाखावी अशी इच्छाही नाहीं. परंतु भूगोल शिकवितांना इटलीच्या नकाशावर द्राक्षांचा एक घोंस काढून पुढें सरकण्याची संवय मला लागली होती. निवृत्तीनंतर त्या घोंसामागें काय आहे, हें वाचावयास सवड मिळाली.

फ्लॉरेन्स व सिएना ह्या शहरांच्या मधल्या टेकड्यांवर कियांती नांवाचा मुलूख आहे. तेथील तांबडी वाइन सांजोवेझे नांवाच्या काळ्या द्राक्षाची. बाटलीवर ‘कियांती क्लासिको’ असें नांव घालावयाचें, तर शेंकडा ८० तरी द्राक्षें ह्याच वाणाचीं लागतात. येथील पुष्कळ जमीन पिढ्यान् पिढ्या अर्धेलीनें कसली जाई. इ. स. १९६४ च्या कायद्यानें तसे नवे करार बंद झाले. म्हणून कसणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा लहान मळा, ही गोष्ट तेथें आपणांस वाटते तितकी सर्वत्र जुनी नाहीं.

अशा एखाद्या कुटुंबानें सेंद्रिय शेतीचें व्रत घेतलें, म्हणजे कृत्रिम खतें व तणनाशकें गेलीं. ओळींच्या मध्यें शेंगवर्गांतील पीक पेरून तें वसंतांत हिरवळीचें खत म्हणून जमिनींत गाडावयाचें. घोंस पोखरणाऱ्या अळीच्या पतंगांसाठीं तर मळ्यांत मादीचा गंध पसरून ठेवितात. नर बिचारे तिला शोधीत भटकतात! तळघरांतही बंधन आहेच. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें कोरड्या तांबड्या सेंद्रिय वाइनींत गंधकाच्या संयुगांचें प्रमाण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतें. इतर वाइनींस १५० ची मुभा आहे.

परंतु खरी परीक्षा पाहतो तो केवडा. हा रोग इ. स. १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून युरोपांत आला. बोर्डोकडील कांहीं बागायतदार चोरांनीं द्राक्षें खाऊं नयेत म्हणून रस्त्याकडील वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली रोगापासून वांचल्या, हें मिलार्दे ह्या अध्यापकाच्या नजरेस आलें, आणि १८८५ मध्यें त्यानें तो उपाय प्रसिद्ध केला. आमच्या नाशिककडील बागायतदारांस बोर्डो मिश्रण म्हणून तो चांगला परिचित आहे.

सेंद्रिय मळेवाल्याचा मुख्य आधार अजून हाच. आणि येथेंच मला ह्या व्रतांत एक अडचण दिसते. तांबें कुजत नाहीं, उडून जात नाहीं. जमिनींत सांचत राहतें, व फार झालें कीं गांडुळांस बाधतें. म्हणून हेक्टरीं सात वर्षांत मिळून २८ किलो, ह्याहून अधिक तांबें वापरूं नये असा निर्बंध घातला आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘औषधावांचून’ असें समजणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

शिवाय तांबें पानाच्या पृष्ठावरच राहतें, आंत शिरत नाहीं. मोठी सर आली कीं धुऊन गेलें, पुन्हां फवारा. २०२३ च्या मे-जून महिन्यांत मध्य व दक्षिण इटलींत पाऊस थांबेना, केवडा बेफाम पसरला, आणि त्या वर्षीं सबंध देशाचें वाइनचें उत्पादन आदल्या वर्षाहून सुमारें २३ टक्क्यांनीं घटलें.

त्या जूनमधला एखादा मळेवाला डोळ्यांपुढें आणा. वेलीच्या अंगांत भिनणारें रासायनिक औषध दुकानांत आहे. तें मारलें तर कदाचित् पीक वांचेल. परंतु सेंद्रिय हें नांव जाईल, आणि तें परत मिळविण्यास वेलींच्या बाबतींत तीन वर्षें लागतात. वाण बदलावा, तर कियांतीचें नांव जातें. उरला मोरचूद; त्याचाही हिशेब सात वर्षांचा. यंदा हात सैल सोडावा, तर पुढच्या पावसाळी सालीं हातांत कांहीं उरत नाहीं. घरांतील म्हातारा एक म्हणणार, मुलगा दुसरें. आणि फवारावयाचें ठरलें, तरी चिखलानें भरलेल्या उतारावर ट्रॅक्टर शिरला पाहिजे ना!