मोडलेलें प्लॅस्टिक सांधावें कशानें?

मोडलेली वस्तु सांधणें आपल्या घरांना नवीन नाहीं. लाकडास सरस, कागदास खळ, पितळेस डाग अशी व्यवस्था वाडवडिलांनीं लावून ठेविली होती. प्लॅस्टिकच्या बाबतींत मात्र आपण बादलीपासून रेडिओच्या खोक्यापर्यंत सर्वांवर एकच नळी पिळतों, आणि सांधा सुटला म्हणजे डिंक करणाऱ्यास बोल लावितों. प्लॅस्टिक हें एका मोठ्या कुळाचें नांव आहे, आणि त्यांतील भावंडांचे स्वभाव मुळींच जुळत नाहींत.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं तुकड्याची जात ओळखावी. वस्तूच्या तळाशीं पुष्कळदां बाणांचा त्रिकोण व त्यांत आंकडा असतो. ही खूण अमेरिकेंत १९८८ सालीं निघाली. २ आणि ४ म्हणजे पॉलिथीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. खूण नसल्यास एक भरीव टवका पाण्यांत बुडवून सोडावा. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं, म्हणून वर येतात. बाकीचीं बहुतेक तळ गांठतात.

तरंगणाऱ्या जातीचें अंग मेणासारखें असतें. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसा तिच्यावर डिंक पसरत नाहीं. बादली, डबा, बाटलीचें झांकण हीं याच घरचीं. आधीं एक लेप देऊन मग चिकटविण्याचे खास डिंक मिळतात खरे. परंतु बादलीपुरता, तापल्या सळईनें वितळवून सांधणारा फेरीवालाच शहाणा.

पीव्हीसीच्या नळास लावितात तें सिमेंट निराळ्याच तऱ्हेचें. त्यांतील द्रावक दोन्ही कडा विरघळवितो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेला कीं सांध्याच्या जागीं प्लॅस्टिकच उरतें.

रिमोटची कडी, खेळण्याचें चाक अशा बुडणाऱ्या जातीस फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेटचा थेंब पुरतो. हा पदार्थ १९४२ सालीं, युद्धकाळच्या संशोधनांत, हॅरी कूव्हर यांच्या हातीं लागला. परंतु जेथें तेथें चिकटतो म्हणून त्यांनीं तो बाजूस सारला! हवेंतील ओलाव्यानें तो घट्ट होतो. थर पातळ असावा. सरळ ओढ तो सोसतो, आपटल्यास तडकतो. सांडलेला थेंब सुती फडक्यानें कधींहि पुसूं नये. कापसाशीं गांठ पडतांच तो इतका तापतो कीं बोट भाजतें.

बेकेलाइट मात्र वितळतहि नाहीं, विरघळतहि नाहीं. त्यास दोन नळ्यांचें इपॉक्सी धरतें. कडा खरकागदानें घासाव्या, दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणांत कालवावे, आणि सांधा दिवसभर हलवूं नये. तरीहि प्रेशर कुकरचा बेकेलाइटचा दांडा असा जोडूं नये. घरगुती इपॉक्सी उष्णतेनें मऊ पडतें, आणि तें मऊ पडेल तेव्हां गृहिणीच्या हातांत उकळती डाळ असेल. नवा दांडा भांड्यांच्या दुकानांत मिळतो व एकदोन स्क्रूंनीं बसतो.